जुन्या कादंबऱ्यांमध्ये ज्यांना सांभाळलं जातं त्यांना 'नाही' म्हणता येतं का?

वाचनवेडी_पुणे

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा वाचनगट आहे, सदाशिव पेठेत एका मैत्रिणीच्या घरी जमतो, बहुतेक बायका आणि दोन रिटायर्ड काका. यंदा ठरवून जुन्या कादंबऱ्या घेतल्यात, एक इंग्रजी मग एक मराठी अशा आलटून पालटून. जेन एअर संपली, आता हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' चालू आहे. जेन एअरच्या शेवटच्या बैठकीत जो वाद झाला तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतीये.

एकीचं म्हणणं असं की जेन ज्याच्या घरी शिकवायची नोकरी करते आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरतं त्या रॉचेस्टरची बायको जिवंत होती, त्याने लपवलं, हे सगळं चूकच, पण नंतर तो जेनला म्हणतो ना की चल, दक्षिण फ्रान्सला समुद्रकाठी माझं घर आहे, तिथे तू सुखात राहशील, तुला काही कमी पडणार नाही, तर त्या अनाथ पोरीने ते घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याऐवजी ती रात्री पळून जाते, जवळ वीस शिलिंग, ते गाडीभाड्यात जातात, बोचकं गाडीतच राहतं, आणि शेवटी डुकरांपुढे टाकायला काढलेली गार लापशी एका मुलीकडे मागून खाते. मैत्रीण म्हणाली एवढे हाल कशासाठी, तर सांभाळणारा माणूस नको म्हणून?

मला हे अजिबात पटलं नाही. घरी येऊन पुस्तक परत चाळलं तर मला वेगळंच दिसायला लागलं. जेनला आयुष्यभर कोणी ना कोणी सांभाळतच असतं हो! मामी सांभाळते, मरणाऱ्या नवऱ्याला शब्द दिलेला असतो की हिला स्वतःच्या मुलीसारखी वाढवीन, आणि ती तिला लाल खोलीत कोंडते. मदिरा बेटावर असलेला काका पत्र पाठवतो की पुतणीचा पत्ता कळवा, मला तिला दत्तक घ्यायचंय, तर हीच मामी कळवते की ती शाळेत टायफसने गेली. तीन वर्षं ते पत्र दाबून ठेवते!! म्हणजे त्या पोरीला परक्यांकडून जेवढा त्रास झाला त्याहून जास्त तिला सांभाळणाऱ्यांकडून झाला.

अजून एक गोष्ट, जी आमच्या बैठकीत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. लग्नाआधी रॉचेस्टर तिला मिलकोट गावी नेऊन रेशमी कपडे, दागिने घ्यायला लागतो आणि ते तिला इतकं खुपतं की ती ठरवते काकाला पत्र लिहायचं, आपले स्वतःचे थोडे पैसे असायला हवेत. तेच पत्र काकाकडे पोचतं, तिथे योगायोगाने रॉचेस्टरचा मेव्हणा असतो, आणि म्हणून ते खोटं लग्न ऐनवेळी थांबतं. तिला वाचवलं ते तिनेच लिहिलेल्या पत्राने, कुठल्या पालकाने नाही.

तर माझा प्रश्न, ज्यांनी जुन्या कादंबऱ्या भरपूर वाचल्यात त्यांना. यात चांगला सांभाळ कुठे आहे का? आणि असेल तर तो ओळखायचा कसा, कारण बोलताना सगळे सारखंच बोलतात, तुझ्या भल्यासाठी, तुझ्या काळजीपोटी. मी एका वयात आलेल्या मुलीची आई आहे आणि हे वाक्य मी पण दिवसातून दहा वेळा म्हणते, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता पुस्तकी वाटत नाही. इंग्रजी, मराठी काहीही चालेल.

---

जुनापाना

फार चांगला प्रश्न आहे. तुमच्या यादीत मॅन्सफील्ड पार्क घ्याच, जेन ऑस्टिनची, १८१४ ची. तिच्या बाकीच्या कादंबऱ्यांइतकी लोकांना आवडत नाही कारण नायिका फॅनी गप्प गप्प, अंगाने अशक्त, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर जर कुठल्या एका पुस्तकात ठासून भरलेलं असेल तर ते यात.

फॅनी पोर्टस्मथच्या गरीब घरातली, भावंडांची रांग, दहा वर्षांची असताना तिला श्रीमंत मावशीच्या घरी आणतात. आणायची कल्पना दुसऱ्या मावशीची, मिसेस नॉरिसची, आणि खर्च मात्र तिने एक पैचा करायचा नाही, तो सगळा श्रीमंत मावशीच्या नवऱ्याकडे, सर थॉमस बर्ट्रमकडे. घरात तिची जागा पहिल्या दिवसापासून ठरलेली, मावसबहिणींच्या बरोबरीने वाढेल पण बरोबरीची नाही. वरती एक जुनी अभ्यासाची खोली कोणाला नको म्हणून तिच्या वाट्याला येते आणि मिसेस नॉरिसने बजावून ठेवलेलं की त्या खोलीत शेकोटी पेटवायची नाही. इंग्लंडातली थंडी, आणि वर्षानुवर्षं ती पोर तिथे तशीच बसून वाचते.

आता मुख्य प्रसंग. हेन्री क्रॉफर्ड नावाचा पैसेवाला तरुण तिला मागणी घालतो. सर थॉमस स्वतः जिना चढून ती बातमी सांगायला येतो आणि आल्या आल्या त्याच्या लक्षात येतं की खोली गार आहे, शेकोटी नाहीये. त्याला खरंच वाईट वाटतं. मग बोलणं होतं, फॅनी म्हणते नाही, मला हे लग्न करायचं नाही, आणि तो माणूस तिला कृतघ्न म्हणतो, हट्टी म्हणतो, इतकं बोलतो की ती रडून रडून अर्धी होते. मग तिला बाहेर फिरून ये म्हणून पाठवतो. आणि ती परत येते तेव्हा खोलीत शेकोटी पेटलेली असते, आणि कळतं की आता रोज पेटणार आहे.

मी हे पान कितीतरी वेळा वाचलंय. एकाच अर्ध्या तासात एकाच माणसाने केलेल्या या दोन गोष्टी, आणि दोन्ही मनापासून. त्याच्यात दुष्टावा नाही हो, तीच तर अडचण आहे. फॅनीला आता अजून अवघड, कारण ज्याने आत्ताच ऊब दिली त्याला परत नाही कसं म्हणायचं?

ती तरी ऐकत नाही. मग सर थॉमस तिला माहेरी पोर्टस्मथला पाठवतो, वरून सांगायला आईवडिलांना भेटायला, पण त्याच्या मनात असं की तिथली गर्दी, गोंगाट, अस्वच्छता बघितली की श्रीमंत घराची किंमत कळेल आणि क्रॉफर्डला हो म्हणेल. म्हणजे नाही म्हटल्यावर आसरा मागे घेतला, सभ्य भाषेत. पुढे हाच क्रॉफर्ड सर थॉमसच्याच लग्न झालेल्या मुलीला घेऊन पळतो आणि अख्ख्या घरात माणूस ओळखला होता तो फक्त फॅनीने.

तुम्ही विचारलंत ओळखायचं कसं. मला तर एवढंच दिसतं, ज्याला सांभाळलं जातंय तो नाही म्हणाला की त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या ताटात, त्याच्या खोलीत, त्याच्या जाण्यायेण्यात काय फरक पडतो ते बघायचं. त्याआधी सगळेच पालक चांगले असतात.

---

मुठेकाठ

थोडा विरोध नोंदवतो. आपण आजच्या फ्लॅटमध्ये बसून, पगार खात्यात येत असताना, त्या काळातल्या माणसांना नापास करतोय असं वाटतं मला. सर थॉमसने काय करायला हवं होतं? त्याकाळी मध्यमवर्गातल्या बाईला लग्न नाहीतर गव्हर्नेसची म्हणजे दुसऱ्यांच्या घरी राहून मुलं शिकवायची नोकरी, तिसरं काय होतं. लग्नानंतर बाईची मिळकत नवऱ्याची व्हायची, हे इंग्लंडात १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदललं. त्याआधी मुलीला चांगलं स्थळ बघून देणं हीच काळजी होती, दुसरं काही द्यायला त्यांच्याकडे नव्हतंच.

आणि चांगला सांभाळ विचारताय तर जो गार्जरी का आठवत नाही कोणाला? डिकन्सच्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्समधला लोहार. पिपचा मेव्हणा, पण बापासारखा. पिप मोठा होऊन लंडनला जातो, सुटाबुटातला होतो, जो भेटायला आला तर त्याला लाज वाटते त्याची. शेवटी पिप कर्जात बुडतो, तापाने फणफणतो, तर हाच जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, कर्ज फेडतो आणि पिप बरा व्हायला लागला तसा एके दिवशी पहाटे न सांगता निघून जातो, छोटी चिठ्ठी आणि पावती ठेवून. काही मागत नाही. काही ऐकवत नाही. अशी माणसं पण आहेत त्या पुस्तकांत, नुसते सर थॉमस नाहीत.

---

जुनापाना

@मुठेकाठ जो मलाही फार प्रिय आहे. पण एक बघा, जो स्वतःच पिपला सांगतो की तू लहान असताना तुझी बहीण तुला मारायची तेव्हा मी मध्ये पडलो की मला मार पडायचा ते एक वेळ चाललं असतं, पण तुला दुप्पट पडायचा, म्हणून मी गप्प बसायला लागलो. इतका मोठ्या मनाचा माणूस, लोहाराचे हात, आणि एका पोराला छडीपासून वाचवू शकला नाही. मी त्याला दोष देत नाहीये. त्याचं प्रेम शंभर टक्के खरं होतं आणि तरी ते पुरलं नाही, हे डिकन्सने लिहून ठेवलंय म्हणून मला तो लेखक मोठा वाटतो.

काळाबद्दल म्हणाल तर ऑस्टिन त्याच काळातली आहे ना. तिला त्याच काळात बसून दिसलं. मग मी न बघितल्यासारखं का करू?

---

हिंगणे_जवळचा

तुमची पुढची कादंबरी पण लक्षात कोण घेतो आहे म्हणून लिहितोय. ती वाचताना आपण पुण्यातले लोक एक गोष्ट विसरतो की ही कादंबरी ज्या रस्त्यांवर घडली त्याच रस्त्यांवर ती छापून विकली जात होती. हरिभाऊंचं करमणूक साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झालं, कादंबरी त्यात १८९३ पर्यंत येत होती. ते आनंदाश्रमात असायचे, अप्पा बळवंत चौकाजवळ, आज आपण पोरांची गाइडं घ्यायला जातो तिथून हाकेच्या अंतरावर. आणि त्याच १८९० मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांसाठीची आपली शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्याला आणलं होतं. १८९१ ला संमतिवयाचा कायदा झाला, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा, फक्त बारा, आणि तेवढ्यावर अख्खं पुणं दोन बाजूंना उभं. कादंबरीतल्या यमुनेची गोष्ट दर आठवड्याला लोकांच्या घरात जात होती ती या सगळ्या गदारोळात.

यमुनेचं काय होतं बघा. रघुनाथराव चांगला नवरा, तिला शिकवतो, मुंबईत त्यांचे चार दिवस सुखाचे जातात. तो जातो आणि तिच्याभोवतीचं संरक्षण एका दिवसात फिरतं. तेच घर, तीच माणसं. शंकरमामंजी जबरदस्तीने तिचं केशवपन करायला लावतात आणि ते स्वतःला घराण्याची अब्रू सांभाळणारा कर्ता पुरुषच समजत असणार. जुनापाना यांनी वर लिहिलंय की नाही म्हटल्यावर काय होतं ते बघा, तर इथे नाही म्हणण्यालाच जागा नाही, तिला धरून बसवलेलं आहे. हरिभाऊंनी सगळी गोष्ट तिच्याच तोंडून सांगितलीये, आत्मकथा म्हणून, त्यामुळे जिला घरात कोणी विचारलं नाही तिचं सगळं म्हणणं निदान वाचकाला ऐकावं लागतं.

याच्याही आधी १८५७ मध्ये बाबा पदमनजींची यमुनापर्यटन आली, तिच्यातल्या नायिकेचं नाव पण यमुना. नवऱ्याबरोबर प्रवास करताना ती ठिकठिकाणच्या विधवांचे हाल बघत जाते आणि मग तिच्यावरच वेळ येते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन दुसरं लग्न करते. त्या कादंबरीत धर्मप्रचार आहे, उघड आहे, पण त्या बायकांच्या हकिकती अंगावर येतात हेही खरं.

या दोन्ही कादंबऱ्यांच्या मागे एक कायदा उभा आहे तो लक्षात घ्यायला हवा. १८५६ ला विधवेला पुनर्विवाहाची मुभा मिळाली, शाळेत आपण एवढंच शिकतो. पण त्याच कायद्यात होतं की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. म्हणजे राहायचं तर आमच्या अटींवर, जायचं तर रिकाम्या हाताने. घरच्यांना दार बंद करायची गरजच नव्हती. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीने, हयातीपुरता का होईना, वाटा मिळाला तो १९३७ ला, आणि पूर्ण मालकी १९५६ ला.

म्हणून मला वाटतं चांगला सांभाळ कादंबरीत शोधताना थोडं कादंबरीच्या बाहेर पण बघा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवेने यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. तिथेच जन्मलेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, मुरूडला गावाने वाळीत टाकलं. १८९६ ला कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. आणि कर्व्यांचं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की स्वतः पुनर्विवाह केलेला असूनही त्यांनी आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार ठेवला नाही, मुलींना शिकवायचं, स्वतःच्या पायावर उभं करायचं, पुढचं त्यांचं त्या ठरवतील. आसरा पण आणि शेवटी त्या आसऱ्याची गरज संपावी ही व्यवस्था पण. शंकरमामंजींच्या घरात नेमकी ही दुसरी गोष्ट नव्हती.

---

डेक्कनची_मधुरा

वरची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. रोज कर्वे रोडने ऑफिसला जाते.

मी डिकन्सच्याच ब्लीक हाउसबद्दल लिहिते कारण तुम्ही चांगला पालक विचारलाय आणि माझ्या मते सगळ्या इंग्रजी कादंबऱ्यांत सर्वात चांगला पालक जॉन जार्नडिस, आणि तरीही मला त्याच्याबद्दल एक गोष्ट टोचते. पुस्तक जाडजूड आहे, १८५२-५३ ला हप्त्याहप्त्याने आलेलं, चॅन्सरी कोर्टातला एक वारसाहक्काचा खटला पिढ्यानपिढ्या चालू असतो, आणि शेवटी निकाल लागायच्या वेळी कळतं की सगळी इस्टेट कोर्टखर्चातच संपली. कोर्ट सुद्धा तिथे पालकच आहे बरं का, रिचर्ड आणि एडा ही दोन पोरं कोर्टाच्या ताब्यातली, आणि त्या खटल्याच्या आशेवर रिचर्ड झुरून मरतो.

एस्थर अनाथ, आणि तिच्या मावशीने तिला लहानपणापासून ऐकवलेलं की तू जन्माला आलीस हेच वाईट झालं. जार्नडिस तिला घरी आणतो आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्या हातात किल्ल्यांची टोपली येते, सगळ्या घराच्या किल्ल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फॅनीला शेकोटी पण नाही आणि इथे पहिल्या दिवशी किल्ल्या. तो तिचे उपकार काढत नाही, आभार मानायला लागली की विषय बदलतो.

मग काही वर्षांनी तो तिला पत्राने लग्नाचं विचारतो. वयात प्रचंड अंतर. पत्र इतकं जपून लिहिलेलं, की तू नाही म्हणालीस तरी काहीही बदलणार नाही, घर तुझंच राहील. आणि मला खात्री आहे की तो ते पाळणार होता. पण एस्थर पत्र वाचून रडते, आरशात बघून स्वतःची समजूत घालते, तिला मनातून आवडणाऱ्या डॉक्टर वुडकोर्टने दिलेली वाळकी फुलं जपून ठेवलेली असतात ती जाळून टाकते आणि हो म्हणते. कोणी दटावलं नाही, कोणी हाकललं नाही, उलट सगळी मोकळीक, आणि तरी तिच्या तोंडून नाही निघूच शकत नाही, कारण आजवर मिळालेलं सगळं याच माणसाकडून मिळालेलं.

पुढे त्याला कळतं तिचं मन कुठे आहे आणि तो मागे होतो. पण कसा? तो गुपचूप यॉर्कशायरला घर सजवतो, वुडकोर्टला बोलावतो, एस्थरला घर दाखवायला म्हणून घेऊन जातो आणि तिथे तिचा हात त्याच्या हातात देतो. वाचताना डोळ्यांत पाणी येतंच, माझ्या येतं. पण तिला विचारलं कुठे? सोडलं ते सुद्धा त्यानेच ठरवून, तिच्यासाठी सरप्राइज म्हणून. इतक्या चांगल्या माणसाच्या सुद्धा मनात येत नाही की तिच्यासमोर खुर्ची ओढून बसावं आणि विचारावं, तुला काय हवंय.

तुम्ही आई म्हणून विचारलंत म्हणून सांगते, माझे बाबा जार्नडिस टाइपचे आहेत. दोन्ही हातांनी देणारे. आणि त्यांना नाही म्हणणं मला आयुष्यात सगळ्यात अवघड गेलंय. तुमच्या मुलीला काही देताना तिला नाही म्हणायची सवय पण लहानसहान गोष्टींत लागू द्या, भाजी कुठली, सुट्टीत जायचं कुठे, असल्या गोष्टींत, म्हणजे मोठ्या वेळी जीभ उचलेल.

---

मुठेकाठ

@मधुरा हे पटलं. जार्नडिसच्या बाबतीत मी असा विचार कधी केला नव्हता.

---

साधा_वाचक

सगळ्यांचं छान चाललंय पण त्याच ब्लीक हाउसमधला झाडूवाला पोरगा 'जो' कोणीच घेतला नाही (वरच्या लोहाराचं नाव पण जो, हा वेगळा). लंडनच्या चौकात रस्ता झाडून चार पेन्स मिळवणारा, आईबाप माहीत नाहीत. पोलीस त्याला एकच सांगत असतात, पुढे चल, इथे थांबू नको. कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. एस्थर त्याला घरात आणते, तापाने आजारी असतो, तर रातोरात त्याला तिथूनही गायब करतात कारण तो कोणाच्या तरी गुपिताच्या आड येत असतो. शेवटी मरतो.

फॅनी, जेन, एस्थर यांना निदान वाईट का होईना पालक होता, आणि यमुनेला घर होतं. आपण अति सांभाळण्याबद्दल बोलतोय कारण आपण ज्या वर्गातले आहोत तिथे तोच प्रॉब्लेम आहे. सिग्नलला गाडीची काच पुसणाऱ्या पोरांना कोणी अति सांभाळत नाही. माझी एवढीच विनंती की तुमच्या गटात हा जो पण वाचा, कारण नुसतं वरचं वाचलं तर असं वाटेल की संरक्षण ही गोष्टच वाईट, आणि ते खरं नाही.

---

वाचनवेडी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मधुरा, तुझी पोस्ट मी मुलीला वाचून दाखवली, ती काही बोलली नाही, पण रात्री म्हणाली फोन दे, परत वाचायचीये.

साधा_वाचक, तुमचं म्हणणं मला फार लागलं आणि ते बरोबर आहे. हिंगणे_जवळचा यांनी फुल्यांचं घर आणि आश्रम आणले ते यासाठीच महत्त्वाचे वाटतात, तिथे जिला कोणीच नव्हतं तिला पण दार उघडं होतं.

आता एक उपप्रश्न. आमच्या काकांनी व्हिक्टर ह्युगोचं ले मिझेराब्ल सुचवलंय, ते म्हणतात आदर्श पालक बघायचा तर ज्याँ वालज्याँ, बाकी सगळे त्याच्यापुढे फिके. आम्ही शाळेत फक्त बिशपच्या चांदीच्या मेणबत्तीदाणीची गोष्ट वाचलेली. तो सांभाळतो त्या कोझेटचं पुढे काय होतं? ती नाही म्हणू शकते का?

---

जुनापाना

काकांचं अर्धं बरोबर आहे. थेनार्दिये नावाचं खानावळवालं जोडपं त्या लहान पोरीला मोलकरणीसारखं राबवत असतं, नाताळच्या रात्री वालज्याँ तिला अंधारात जंगलातल्या झऱ्यावरून पाणी आणताना भेटतो, बादली तिच्या हातातून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पंधराशे फ्रँक मोजून तिला सोडवतो. साधा_वाचक यांना हवा असलेला सांभाळ हाच. भुकेतून, मारातून, थंडीतून बाहेर काढणारा. त्यावर माझं एका शब्दानेही दुमत नाही. नंतर तर तो ज्याच्यामुळे आपली मुलगी आपल्यापासून जाणार हे माहीत आहे त्या तिच्या प्रियकराला, मारियुसला, पॅरिसच्या गटारांतून पाठीवर टाकून वाचवतो, १८३२ च्या जूनमधल्या बंडाच्या वेळी. जिवावर उदार होऊन.

उरलेलं अर्धं असं. कोझेट मोठी होते ती आधी मठात आणि मग बंद बागेच्या घरात. घरं बदलतात, नावं बदलतात, आणि का ते तिला कोणी सांगत नाही. मारियुसची चाहूल लागली की वालज्याँ तिला घेऊन इंग्लंडला जायची तयारी करतो, तिला विचारून नाही. तिचा बाप कोण, तो कशासाठी लपतो, पैसे कुठून आले, काहीच तिला माहीत नाही. स्वतःच्या आईचं नाव फांतीन होतं हे तिला कळतं ते वालज्याँ मरणशय्येवर असताना. आणि लग्नानंतर तो आपण तुरुंगातला माणूस म्हणून हळूहळू तिच्यापासून दूर होतो तेही तिच्या भल्यासाठी, मारियुस आणि तो दोघे मिळून ठरवतात, ती बिचारी विचारत राहते बाबा असे का वागतायत.

तिला नाही म्हणता येतं का विचारलंत, तर नाही म्हणायला आधी माहिती तर हवी. फॅनीला निदान माहीत होतं ती कशाला नकार देतीये.

---

डेक्कनची_मधुरा

पण जुनापाना, त्याने खरं सांगितलं असतं तर त्याच्या मागावर असलेल्या जावेर या पोलिसाने त्यांना केव्हाच शोधून काढलं असतं. लहान पोरीला तुरुंगातून पळालेल्या माणसाचं गुपित कसं सांगणार. मी इथे वालज्याँच्या बाजूने आहे, निदान ती मोठी होईपर्यंत तरी. लग्नानंतरचं मात्र मला माफ करता येत नाही, तेव्हा ती बाई होती, तिला सांगायला हवं होतं.

---

जुनापाना

मान्य. आठ वर्षांच्या मुलीला आणि लग्न झालेल्या बाईला एकच नियम लावता येणार नाही. ह्युगोचा वालज्याँ ती मोठी झाली हे मानायलाच तयार नाही. तिचे लहानपणीचे कपडे पेटीत जपून ठेवतो आणि तिचं लग्न झालं त्या रात्री ते काढून त्यात तोंड खुपसून रडतो. ते पान वाचताना त्याच्यावर रागावणं जमत नाही.

---

वाचनवेडी_पुणे

ठरलं मग. हरिभाऊ संपले की मॅन्सफील्ड पार्क, आणि ब्लीक हाउस अख्खं झेपणार नाही आमच्या काही जणींना, डोळ्यांचे प्रॉब्लेम आहेत, तर त्यातलं किल्ल्यांचं, पत्राचं आणि झाडूवाल्या जोचं एवढी प्रकरणं मोठ्याने वाचू. ले मिझेराब्ल पावसाळ्यात. पुण्यातलं कोणाला यायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता पाठवते, रविवारी चार वाजता असतो आम्ही. हिंगणे_जवळचा, तुम्हाला जमलं तर शारदा सदनाचं आणि आश्रमाचं जरा बोलायला याल का, यमुनेच्या वेळी? चहा आणि काहीतरी खायला असतंच.

---

हिंगणे_जवळचा

नक्की येतो. आनंदीबाई कर्व्यांचं, म्हणजे गोदूबाईंचंच, माझे पुराण नावाचं आत्मकथन आहे, ते घेऊन येतो. त्या स्वतः बोलतायत ते ऐकलेलं बरं, मी फक्त पानं उलटेन.